ऊन पाण्यानं घर जळत नाही, खिसा जळतो

हिवाळ्यात घर गरम ठेवायचा खर्च कसा वाचवावा, याचे सल्ले थंडी पडली की मोबाइलवर धडाधड येऊन आदळतात. खिडक्यांना दुहेरी काच बसवा. भिंतीच्या आत लोकर भरा. दाराखालची फट बुजवा. बॉयलरची सर्व्हिसिंग वेळेवर करून घ्या. पाठवणारा पुण्याचा, त्याला पाठवणारा कॅनडाचा आणि वाचणारा मेहकरचा. आता मेहकरात दाराखालची फट बुजवायची तर मांजरानं कुठून यावं-जावं ते आधी ठरवावं लागेल. आणि बॉयलर म्हणजे आमच्याकडे कोंबडी. तिची सर्व्हिसिंग दर रविवारी वेळेवर होते, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

मुद्दा असा की मेहकरात घर कोणी तापवत नाही. मेहकरात बादली तापवतात.

आपला बुलढाणा जिल्हा दोन तुकड्यांत वाटलेला, घाटावरचा आणि घाटाखालचा. मेहकर घाटावर. त्यामुळे खामगाव-मलकापूरचा सोयरा मुक्कामाला आला की त्याला आमची थंडी दाखवायची हौस प्रत्येक यजमानाला असते. रात्री पारा दहा-बारावर येतो, एखाद्या आठवड्यात त्याच्याही खाली घसरतो. सोयरा काकडतो, यजमान खूश होतो. दुपारी दोन वाजता तोच पारा अठ्ठावीस-तिसावर जाऊन बसतो आणि सोयऱ्यासाठी बाहेर काढलेली रजई कुठं ठेवावी हे कळत नाही. थंडी अशी पाच-सहा तासांची पाहुणी. पण तिच्या नावाचं बिल महिनाभराचं येतं.

ते बिल कुठून येतं, यावर बसस्थानकासमोरच्या टपरीवर रोज सकाळी परिसंवाद असतो.

"रॉड लय लाईट खाते, भाऊ."

"गिझर त्याच्याहून खाते. आमच्या घरचा काढून टाकला म्या."

दोघंही चूक. पाणी तापायला जेवढी उष्णता लागते तेवढी लागतेच, ती रॉडनं द्या, गिझरनं द्या की सासऱ्यानं दिलेल्या हिटरनं द्या. हिशेब आठवीच्या विज्ञानाचा आहे. पहाटे टाकीतलं पाणी पंधरा अंशांवर असेल आणि तुम्हाला ते पंचेचाळीसवर न्यायचं असेल, तर 20 लिटरच्या एका बादलीला सुमारे 0.7 युनिट वीज लागते. दीड हजार वॅटचा रॉड त्याला अर्धा तास घेतो, दोन हजार वॅटचा गिझर त्याहून कमी वेळ. मीटरवर आकडा जवळपास तोच पडतो. गिझरची खोड वेगळी. तो सकाळी पाचला चालू होतो आणि शेवटचा माणूस आंघोळ करून, चहा पिऊन, बाजारातून भाजी आणून परत आला तरी लाल दिवा दाखवत उभा असतो. टाकीतलं पाणी थंड होतं, गिझर ते पुन्हा तापवतो, ते पुन्हा थंड होतं. या खेळाचे पैसे तुम्ही भरता. गिझरच्या अंगावर सरकारी चांदण्या असतात. चांदण्या जितक्या कमी तितकी ही गळती जास्त. पण दुकानात आपण चांदण्या कधी मोजत नाही, आपण रंग बघतो.

आता बादलीवरून घरावर या. चार माणसं, रोज चार बादल्या, म्हणजे दिवसाला पावणेतीन युनिट, महिन्याला चौऱ्याऐंशीच्या आसपास. हिवाळ्यात पंखे बंद, कूलर माळ्यावर, म्हणून एरवी तुमचं बिल ऐंशी-नव्वद युनिटांत बसलं असतं. बादल्यांनी ते पावणेदोनशेच्या घरात नेलं. आणि महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांच्या अलीकडचा दर एक आणि पलीकडचा दर त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे आंघोळीचं बहुतेक सगळं पाणी तुम्ही महागातल्या विजेवर तापवता. वर 16 टक्के वीज शुल्क आहेच. आंघोळ करणारा माणूस स्वच्छ होतो, पण त्याच्या आधी त्याचा खिसा स्वच्छ होतो.

गल्लीत एक समज पक्का आहे की शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दरानं लागतं. तसं नाही. पहिल्या शंभरांना खालचाच दर लागतो, वरच्यांनाच वरचा. तरीही नव्व्याण्णववर मीटर बघून दिवा मालवणारे, आणि त्याच रात्री पाणी गरम करून पाय बुडवून बसणारे महाभाग आहेत.

मग गॅसवर तापवावं का? चौदा किलो दोनशे ग्रॅमच्या एका सिलिंडरमध्ये, शेगडीची आणि पातेल्याभोवती वाया जाणाऱ्या आचेची घट धरून, अशा साधारण दीडशे बादल्या निघतात. सिलिंडर साडेआठशे-नऊशेला धरला तर बादली सहा रुपयांच्या आसपास पडली. म्हणजे शंभर युनिटांच्या आत असाल तर वीज गॅसला टक्कर देते, शंभर ओलांडलेत की गॅस स्वस्त. हा हिशेब मी टपरीवर मांडला तेव्हा एकानं चहाचा घोट घेऊन विचारलं, "म्हणजे आधी वीस बादल्या लाईटवर, मंग गॅसवर?" माणूस हुशार होता. त्याला महावितरणच्या दरनिश्चितीवर घ्यायला हरकत नाही.

खरी काटकसर मात्र इंधन बदलून होत नाही. ती पाणी किती अंशांवर घेतलं आणि किती अंशांवर सोडलं यात आहे. पंचेचाळीसऐवजी चाळीसवर थांबलात तर तीस अंशांऐवजी पंचवीसच चढायचे राहिले, म्हणजे खर्चाचा सहावा भाग गेला. चाळीसचं पाणी थंड नसतं, अंगाला पुरतं. पण आपल्याकडे पाणी आधी उकळायचं, मग त्यात बोट घालून "हाय हाय" करायचं, मग त्यात अर्धी बादली थंड ओतायचं, असा रिवाज आहे. उकळायला वीज लागली, गार करायला नळ लागला, आणि मधल्या वेळात न्हाणीघराच्या छताला वाफेनं आंघोळ घातली.

दुसरी गोष्ट तर विहिरीवर वाढलेल्या कुठल्याही म्हातारीला ठाऊक आहे. हिवाळ्यात पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं. जमिनीखाली खोलवर ऋतू पोचत नाहीत. तिथलं पाणी बारा महिने एकाच तापमानाला असतं, आपल्या भागात पंचवीस अंशांच्या आसपास. तेच पाणी आपण संध्याकाळी मोटर लावून स्लॅबवरच्या काळ्या टाकीत चढवतो, रात्रभर चांदण्यात गार होऊ देतो, आणि पहाटे रॉड लावून तापवतो. जमिनीनं फुकट दिलेले दहा अंश आभाळाला दान करायचे आणि मग महावितरणकडून विकत घ्यायचे, असा हा व्यवहार. ज्यांच्या घरी बोअर आहे त्यांनी मोटर संध्याकाळी न लावता पहाटे लावावी आणि आंघोळीचं पाणी थेट पाइपातून धरावं. पंधराऐवजी पंचवीसपासून सुरुवात झाली की एक तृतीयांश बिल तिथंच उतरतं. मोटरला लागणारी वीज सकाळी काय, संध्याकाळी काय, तेवढीच. ज्यांच्याकडे फक्त नळ आहे त्यांनी नळाची वाट बघावी. तशीही सवय आहेच.

आणि ज्यांना घाई नाही त्यांनी संध्याकाळी पाचला आंघोळ करावी. दिवसभर उन्हात बसलेली काळी टाकी तेव्हा कोमट पाणी देते, एक पैसा न घेता. पण हे बोलायची सोय नाही. पारोशानं चहा घेतला म्हणून घर डोक्यावर घेणाऱ्या आज्या अजून हयात आहेत. निदान पोरांना तरी पहाटे सहाला बादलीत बुचकळू नये. सरकारनं 2024 च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगून ठेवलंय. ते पोरांच्या झोपेसाठी सांगितलं, पण त्यात आपलं बिलही कमी होतं, हे कुठल्या पालकसभेत कोणी बोललं नाही.

आता बंब. तांब्याचा, मधे धुराड्याचं नळकांडं, बाजूला पितळी तोटी. जुन्या वाड्यांतून तो अडगळीत गेला, तिथून भंगारात गेला, आणि आता शहरातल्या हॉटेलांच्या दारात शोभेला उभा आहे, त्यात कुंडी ठेवतात. हे यंत्र फार अकलेचं होतं. जाळ पाण्याच्या पोटातून जायचा, म्हणून आच चारी बाजूंनी पाण्यालाच लागायची. चुलीवरच्या हंड्यासारखी ती आजूबाजूला पळत नसे. आणि इंधन घरचं. आपल्याकडं पऱ्हाट्या, तुराट्या. कापूस वेचून झाला की वावरात उभी राहते ती पऱ्हाटी. कृषी खातं दरवर्षी ओरडून सांगतं की फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत उपटा, बांधावर रचून ठेवू नका, शेंदरी बोंडअळी तिच्यात मुक्काम करते. म्हणजे जानेवारीत बंबात घातलेली प्रत्येक पऱ्हाटी ही पुढच्या हंगामातल्या अळीची चिता आहे. बंबाला याहून मोठं सरकारी प्रमाणपत्र कोणतं? पण सध्या वावरात कापूस कमी आणि सोयाबीन जास्त. सोयाबीनच्या कुटारावर बंब तापत नाही, फक्त धुरावतो. धूर बायकांच्या डोळ्यांत जातो, म्हणून बंब गेला त्याचं मला फारसं दुःख नाही. दुःख त्या अकलेचं आहे.

घरात गॅस आला तरी गावोगाव आंघोळीचं पाणी चुलीवर आणि चहा सिलिंडरवर, अशी वाटणी अजून दिसते. योजना आखणाऱ्यांना वाटलं होतं चूल जाईल. त्यांनी कधी पाच माणसांचं आंघोळीचं पाणी गॅसवर तापवून महिनाअखेर सिलिंडर हलवून बघितला नसावा.

आता एक टोचा मारायचा आहे तो हसण्यावारी नेऊ नका. काटकसर म्हणून घराघरांत गॅस गिझर आलेत आणि ते बसवतात कुठं, तर चार बाय पाचच्या बंद न्हाणीघरात, झरोक्याला थंडी येते म्हणून वर्तमानपत्राचा बोळा कोंबून. आत जळणारा गॅस हवा संपवत जातो, पुरती हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला फक्त झोप येते. बंद खोलीत विस्तवाचं घमेलं घेऊन झोपणाऱ्यांचंही तेच होतं. महाराष्ट्रात अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात आणि प्रत्येक बातमीत दार फोडावं लागतं. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर लावा, पाइप आत घ्या. पाइपाचे जास्तीचे दोनशे-तीनशे रुपये वाचवू नका. आणि रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून "तापलं का" बघू नका. आधी बटण बंद, मग पिन काढा, मग बोट. हे वाक्य न्हाणीघराच्या दारावर खडूनं लिहिलं तरी चालेल.

स्लॅबवर सौर बंब बसवणाऱ्यांचं मात्र कौतुक. आपल्याकडे हिवाळ्याचं आभाळ निरभ्र, ऊन सणसणीत, पाणी तापणारच. त्यांचं दुखणं एकच. पाणी तापतं वर, आंघोळ होते खाली, आणि मधल्या पाइपात रात्रभर साचलेलं थंडगार पाणी आधी बाहेर पडतं. यजमान नळ सोडून हात धरून उभे, "येईलच आता, येईलच" म्हणत. गरम पाणी यायच्या आत पाऊण बादली मोरीत जाते. नळासाठी चार दिवस वाट बघणाऱ्या गावात हे चित्र बघवत नाही. त्या पाण्यात भांडी तरी घासा. शिवाय बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत पांढरा थर धरतो आणि चार-पाच वर्षांत बंबाचा शोपीस होतो. बसवणारा हे सांगत नाही. विचारलं तरी सांगत नाही. 2024 पासून पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या सौर विजेला तीन किलोवॅटपर्यंत 78 हजारांचं अनुदान आहे. ज्यांच्या स्लॅबवर ते पॅनल चढले ते आता दुपारी गिझर लावून दाखवतात, आलेल्या पाहुण्याला मीटर बघायला नेतात. मेहकरात पूर्वी पाहुण्याला आधी बालाजीला न्यायचे.

पाण्याचं झालं. आता भिंतीकडे बघू.

जुनी धाब्याची घरं आठवा. दीड-दोन हात जाड मातीची भिंत, वर पांढऱ्या मातीचं धाबं. दुपारचं ऊन बाहेरच्या अंगाला लागायचं आणि ती ऊब भिंतीतून चालत चालत रात्री आतल्या माणसापर्यंत पोचायची. उन्हाळ्यात तेच घर दुपारी गार. मेहकरच्या ज्या हवेत दिवस-रात्रीचा पारा पंधरा-अठरा अंशांनी वर-खाली होतो, त्या हवेला याहून चांगलं घर कोणी काढलेलं नाही. आपण काय केलं? आपण प्रगती केली. टिन टाकली.

टिन ही वस्तू दुपारी तव्यासारखी तापते आणि सूर्य बुडाला की सगळी ऊब उघड्या आभाळाला देऊन मोकळी होते. निरभ्र रात्री ती बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडते. आत माणसं श्वास सोडतात, त्या वाफेचे थेंब टिनेला खालून धरतात आणि पहाटे रजईवर टपटप पडतात. पावसाळा सप्टेंबरात संपतच नाही, तो डिसेंबरात घराच्या आत येतो. उपाय साधा आणि स्वस्त. टिनेखाली हातभर अंतर ठेवून एक छत ताणा. प्लायवूडचं जमलं तर प्लायवूडचं, नाही तर जुन्या साड्यांचं, खताच्या धुतलेल्या पोत्यांचं. मधे कोंडलेली हवा टिनेची थंडी खाली येऊ देत नाही. परदेशात भिंतीत लोकर भरतात ती याचसाठी. लोकर स्वतः ऊब देत नाही, ती हवेला हलू देत नाही. आपल्या सुनांनी छताला साड्या बांधल्या की आपण म्हणतो, मांडव घातला का? हाच सल्ला इंग्रजीतून आला असता तर आपण फॉरवर्ड केला असता. फक्त खाली चूल किंवा शेगडी असेल तर साडी बांधू नका, आणि झरोका बुजवू नका. का, ते वर सांगितलंच आहे.

स्लॅबवाल्यांनी हसू नये. पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अर्धी ऊब आत, अर्धी बाहेर देतो. मातीएवढा धीर त्याला नाही. त्यांनी एवढंच करावं: दुपारी अकरा ते तीन खिडक्या उघड्या, पडदे बाजूला, ऊन थेट फरशीवर. चार वाजता सगळं बंद. आपण नेमकं उलट करतो. दुपारी ऊन लागतं म्हणून पडदे ओढतो आणि रात्री गुदमरतं म्हणून खिडकी उघडतो, मग रूम हीटर लावतो. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो. उघड्या खिडकीशेजारी हीटर लावून तुम्ही गल्ली तापवता. गल्लीच्या वतीनं आभार.

मुळात खोली तापवायचीच कशाला? खोलीला थंडी वाजत नाही, माणसाला वाजते. ही गोष्ट काश्मिरी माणसाला कळली, त्यानं कांगडी फेरनच्या आत घेतली. जपान्यांना कळली, त्यांनी टेबलाखाली शेगडी ठेवून वर रजई अंथरली आणि घरातले सगळे पाय एकाच उबेत घातले. त्याच जपाननं 2005 मध्ये सरकारी मोहीम काढून कचेऱ्या वीसच अंशांवर ठेवा, अंगात जाड कपडे घाला असं लोकांना सांगितलं. रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर गॅस महागला, तेव्हा जर्मनीनं 2022 च्या हिवाळ्यात सरकारी इमारती एकोणीस अंशांवर आणल्या. एकोणीस! मेहकरात एकोणीस अंशांना लोक पंखा एकवर ठेवून चादर घेतात. त्याच हिवाळ्यात इंग्लंडमध्ये घर तापवायला पैसे नसलेल्या लोकांसाठी वाचनालयं आणि चर्च 'गरम जागा' म्हणून उघडली गेली. या, बसा, चहा घ्या, ऊब घ्या. लंडन-लेस्टरला असलेली आपली पोरं व्हिडिओ कॉलवर घरात मफलर घालून दिसायला लागली ती तेव्हा. इकडं माय घाबरली, पोरगं आजारी आहे का म्हणून. पोरगं आजारी नव्हतं. बिल आलं होतं.

आपली गरम जागा म्हणजे सकाळी आठचा ओटा. उन्हाकडे पाठ करून बसलेली म्हातारी मंडळी ही या गावची सगळ्यात स्वस्त चालणारी उष्णता-योजना आहे. तिला अनुदान नाही, उद्घाटन नाही, त्यामुळे ती अजून चालू आहे.

रात्रीसाठी गोधडी. चार जुनी लुगडी, दोन धोतरं, धावदोरा. थरावर थर, मधे कोंडलेली हवा. साडीच्या छताचं विज्ञान तेच. नाही तर कापसाची रजई. आणि इथं मला जरा राग येतो. आपला जिल्हा कापसाचा. खामगावचा कापूस बाजार किती जुना, किती मोठा, हे घाटाखालचे सोयरे जेवताना तीनदा सांगतात. आणि त्या जिल्ह्यात लग्नाच्या आहेरात काय येतं? पानिपतचं मिंक ब्लँकेट. पॉलिस्टरचं, वर वाघाचं नाही तर गुलाबाचं चित्र, झिपच्या पिशवीत. पांघरताना ठिणग्या उडतात. सहा किलो कापूस घेऊन रजई भरून घेणारा आता सापडत नाही, कारण दारोदार फिरणारा पिंजारीच सापडत नाही. तो गेला तेव्हा आपण मोबाइलवर 'थंडीपासून बचावाचे दहा उपाय' वाचत होतो. कपाशीचा भाव पडला म्हणून रास्ता रोको करणाऱ्यांनी एकदा आपल्या अंथरुणात किती कापूस आहे तेही बघावं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, आपण अंथरूणच पाहत नाही.

असो. आतापर्यंत ज्यांच्याबद्दल बोललो ती सगळी छपराखालची माणसं. त्यांची थंडी कितीही झाली तरी एका बादलीची, एका रजईची. मेहकर तालुक्यात ज्याला खरी थंडी वाजते तो माणूस या चर्चेत अजून आलेलाच नाही. तो रात्री दोन वाजता वावरात आहे.

गहू, हरभरा हे पीकच थंडीचं, आणि त्याला पाणी द्यायचं ते थ्री फेज लाईट असेल तेव्हाच. शेतीच्या फीडरला लाईट आळीपाळीनं येते, काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. रात्रीची पाळी आली की माणूस जेवून मोबाइलला गजर लावतो. लाईट आली की मोटर. मग स्प्रिंकलरचे पाइप एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी. पाइप गार, पाणी गार, अंगावर उडणारा फवारा, पाय चिखलात, डोक्याला टॉवेल, बॅटरी तोंडात धरलेली कारण दोन्ही हातांत पाइप. रानडुक्कर कुठून निघेल सांगता येत नाही, जिल्ह्यात काही भागांत अस्वलंही आहेत. बांधावर तुराट्यांची शेकोटी. पाइप बदलून यायचं, हात शेकायचे, पुन्हा जायचं. मधेच लाईन गेली तर अंधारात शेकोटीजवळ बसायचं, कारण घरी गेलो आणि लाईट आली तर पाळी हुकली. दूर समृद्धी महामार्गावर टोलनाक्याचे दिवे रात्रभर लखलखत असतात. मेहकरच्या कंचनीच्या महालावरून म्हणे लोणारचा दिवा दिसायचा. शेतकऱ्याला वावरातूनच सगळे दिवे दिसतात.

2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. चांगली गोष्ट. जाहिरातीत हसरा शेतकरी आहे आणि मागं सूर्य आहे. तो सूर्य महत्त्वाचा. कारण फुकटची वीज रात्री दोनला आली तर ती फुकट नसते. तिची किंमत गोळ्या-औषधांत, जागरणात आणि कधी सर्पदंशात वसूल होते, फक्त तिचं छापील बिल येत नाही. सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून कागदावर आणि हळूहळू जमिनीवरही उतरते आहे. काही फीडरवर दिवसाची लाईट आली, तिथले लोक रात्री झोपतात. बाकीचे गजर लावतात. सौर वीज तयार होते दिवसा, माणूस जागा असतो दिवसा, पिकाला पाणी दिवसा चालतं. मग अडलंय कुठं?

तेव्हा महावितरणला आणि त्याच्यावरच्या मंत्रालयाला एवढीच विनंती. आमच्या बादलीची काळजी करू नका, ती आम्ही चाळीस अंशांवर उतरवतो, मोटर पहाटे लावतो, छताला साड्याही बांधतो. मेहकर तालुक्यातल्या उरलेल्या फीडरांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवसाची लाईट द्या. याच रब्बीला द्या, पुढच्या निवडणुकीला नको.